फिर्याद नसलेला गुन्हा

गेली दोन वर्षं मी एका चांगल्या गुन्ह्याच्या शोधात आहे. घाबरू नका, तो कागदावरच करायचा आहे. झालं असं, की दिवाळी अंक काढणाऱ्या एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "कविता पुष्कळ झाल्या तुमच्या. यंदा एखादी रहस्यकादंबरी द्या. लोक वाचतील तरी." त्या 'तरी'चा खरं म्हणजे राग यायला हवा होता. पण कवीकडे दीडशे पानं मागणारा संपादक रोज भेटत नाही. मी हो म्हणून बसलो.

वही आणली, पेन आणलं आणि पहिल्याच पायरीवर अडलो. गुन्हा कोणता घ्यायचा? खून, चोरी, अपहरण, विषप्रयोग, सगळी यादी समोर होती. बायको मेथी निवडत बसली होती. तिनं विचारलं, "काय अडलंय एवढं?" म्हटलं, "मारायचं कुणाला, तेच ठरत नाही." ती म्हणाली, "ज्याला मारणार त्याचं घर आधी डोळ्यांसमोर आणा. मागे कोण राहिलं ते कळलं, की बाकीचं सुचेल." बी.ए.ला तीन वर्षं मराठी शिकलो, पण कादंबरीविषयी इतकं नेमकं कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

आमच्या पिढीला रहस्यकथेची गोडी लागली ती भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा झुंजार, त्यांचा काळापहाड, त्यांचा धनंजय ही आमची माणसं होती. पुढे गुरुनाथ नाईक आले. पानं सुटलेली ती पुस्तकं आम्ही अभ्यासाच्या वहीत लपवून वाचली. वाचताना प्रश्न एकच असायचा, 'कुणी केलं?' लेखकानं हाच गुन्हा का निवडला, हा प्रश्न त्या वयात पडत नाही. तो पडला तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. मग लिहिणं बाजूला ठेवलं आणि आधीच्या लेखकांनी आपापले गुन्हे कुठून आणले, ते शोधू लागलो.

पहिला भेटला तो अमेरिकेचा एडगर अ‍ॅलन पो. तोही कवीच, त्यामुळे मला जरा धीर आला. न्यूयॉर्कमध्ये मेरी रॉजर्स नावाची एक तरुण मुलगी सिगारच्या दुकानात काम करत असे. जुलै १८४१ मध्ये ती घरातून गेली आणि तीन दिवसांनी तिचं प्रेत हडसन नदीत सापडलं. वर्तमानपत्रांना महिनोन् महिने विषय मिळाला. पोनं ही घटना जशीच्या तशी उचलली. न्यूयॉर्कचं पॅरिस केलं, हडसनची सेन नदी केली, सिगारच्या दुकानाचं अत्तराचं दुकान केलं आणि मेरी रॉजर्सची मारी रोजे. त्याचा गुप्तहेर द्यूपँ घरबसल्या वर्तमानपत्रं वाचून या प्रकरणाचा उलगडा करणार होता. गोष्ट एका मासिकात तीन भागांत यायची होती.

दोन भागांची सोय झाली, आणि १८४२ च्या नोव्हेंबरमध्ये नदीपलीकडच्या एका खाणावळीच्या मालकिणीचा मृत्यू झाला. मरण्यापूर्वी तिनं काही सांगितल्याची बातमी छापून आली. मेरीला कुणा गुंडांनी मारलं नव्हतं, गर्भपात करवताना तिचा जीव गेला, असा त्या बातमीचा रोख होता. आता आली का पंचाईत! तिसरा भाग एक महिना लांबला. पुढे १८४५ साली ही गोष्ट पुस्तकात घेताना पोनं मजकुरात ठिकठिकाणी बारीक बदल केले. नवी बातमी खरी ठरली तरी आपण अगदीच चुकलो असं दिसू नये, एवढी वाट त्यानं ठेवली. मेरी रॉजर्सच्या मृत्यूचं कोडं आजपर्यंत सुटलेलं नाही.

हे वाचताना मला पोच्या हुशारीपेक्षा मेरीच्या आईची आठवण येत राहिली. ती न्यूयॉर्कमध्ये भाडेकरू ठेवून घर चालवणारी बाई होती. तिच्या मुलीचा मृत्यू एका लेखकासाठी बुद्धीचा खेळ झाला. बायकोचं वाक्य इथे मला पहिल्यांदा पटलं. कालच्या पेपरातला खून उचलणं सोपं असतं, पण त्या घरात कुणीतरी अजून जेवायला वाट पाहत बसलेलं असतं.

दुसरा भेटला इंग्लंडचा विल्की कॉलिन्स. त्याच्या 'मूनस्टोन' या कादंबरीपाशी मी सर्वांत जास्त थांबलो. ही कादंबरी १८६८ ची. तिच्या आठ वर्षं आधी, जून १८६० च्या अखेरीस, इंग्लंडमधल्या रोड नावाच्या गावी एका सुखवस्तू घरातला सॅव्हिल केंट हा पुरती चार वर्षंही न झालेला मुलगा रात्री बिछान्यातून नाहीसा झाला. गळा चिरलेलं त्याचं प्रेत आवारातल्या शौचकूपात मिळालं. लंडनहून इन्स्पेक्टर व्हिचर आले. त्यांनी घरातले कपडे मोजायला लावले. मुलाची सावत्र बहीण कॉन्स्टन्स, वय सोळा, हिचा एक रात्रीचा झगा कमी भरला. व्हिचरनी तिला पकडलं. पण एका परटिणीच्या दप्तरावरून एका खानदानी मुलीला खुनी ठरवतो म्हणजे काय, असा गहजब झाला. मुलगी सुटली, व्हिचरची नाचक्की झाली. पाच वर्षांनी, १८६५ साली, कॉन्स्टन्सनं स्वतःच येऊन गुन्हा कबूल केला.

आता कॉलिन्सनं काय केलं पहा. 'मूनस्टोन'मध्ये सार्जंट कफ नावाचा पोलीस आहे. त्यात डाग पडलेला रात्रीचा झगा आहे, धोब्याच्या हिशेबाची वही आहे, आणि सगळे संशयित एकाच घरातले आहेत. रोड गावच्या प्रकरणातलं सगळं त्यानं घेतलं, फक्त एक गोष्ट सोडली. ते मूल त्यानं घेतलं नाही. खुनाऐवजी त्यानं मध्यवर्ती गुन्हा केला तो एका हिऱ्याच्या चोरीचा, आणि रक्ताच्या डागाऐवजी झग्यावर ठेवला दाराच्या ओल्या रंगाचा डाग. सगळ्या देशाला माहीत असलेलं ते मूल खेळात ओढायचं नाही, एवढी मर्यादा त्यानं पाळली, असं मी समजतो.

हिरा कुठला, हेही पहा. कादंबरीची सुरुवात इंग्लंडमध्ये होत नाही. ती होते आपल्याकडे, श्रीरंगपट्टणात. दिवस ४ मे १७९९ चा, टिपू सुलतान पडला तो. इंग्रज फौज शहरात घुसलेली, लुटालूट चाललेली. हर्नकॅसल नावाचा एक इंग्रज अधिकारी महालातल्या शस्त्रागारात शिरतो, हिऱ्याची राखण करणाऱ्या तिघांचा जीव घेतो आणि हिरा पळवतो. ही माणसं आणि हा हिरा कल्पित आहेत. पण तो दिवस खरा आहे आणि ती लूटही खरी आहे. टिपूच्या महालातला, इंग्रजाला फाडणारा लाकडी वाघ आजही लंडनच्या एका संग्रहालयात काचेआड उभा आहे.

पन्नास वर्षांनी तोच हिरा एका मुलीला वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो आणि त्याच रात्री चोरीला जातो. फिर्याद होते ती या चोरीची. पोलीस येतात, मोलकरणींच्या पेट्या तपासल्या जातात, आणि घराभोवती दिसलेल्या तीन हिंदुस्थानी माणसांना ताबडतोब कोठडीत टाकलं जातं. पण वाचक शेवटाकडे जातो तसं त्याला कळू लागतं, की या घराकडे हा हिरा मुळात होताच कसा? पहिल्या चोरीची फिर्याद कुणीच केलेली नाही. त्या तीन राखणदारांच्या खुनाचा खटला कुठेच चाललेला नाही. लहानपणी टिपूच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला इथे थोडा आनंद झाला, हे कबूल करतो. पण आनंदापेक्षा उपयोगाची गोष्ट म्हणजे मला कादंबरीचं एक सूत्र सापडलं. पोलीस ठाण्यात नोंदवला जातो तो एक गुन्हा. त्याच्या तपासात ज्याचा पत्ता लागतो, आणि ज्याची फिर्याद कधीच झालेली नसते, तो दुसरा. रहस्यकथा पहिल्यावर चालते. कादंबरी उभी राहते ती दुसऱ्यावर.

हे सूत्र हाती आल्यावर मी दोस्तोयेव्हस्कीकडे गेलो. तोही वर्तमानपत्रातल्या खटल्यांचा नादी. फ्रान्समधल्या लासनेर या खुन्याच्या खटल्याची हकिकत त्यानं १८६१ साली स्वतःच्या मासिकात छापली होती. जानेवारी १८६५ मध्ये मॉस्कोत एका व्यापाऱ्याच्या मुलानं दोन वृद्ध स्त्रियांचा कुऱ्हाडीनं खून केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, जुगारात सगळे पैसे घालवून परदेशात अडकून पडलेल्या दोस्तोयेव्हस्कीनं एका संपादकाला पत्र लिहून नव्या कादंबरीचा आराखडा कळवला. विद्यापीठातून काढून टाकलेला एक तरुण, आणि गहाणवट करणारी एक म्हातारी. ती 'क्राइम अँड पनिशमेंट'. कादंबरी १८६६ साली छापून येऊ लागते न लागते, तोच मॉस्कोत एका विद्यार्थ्यानं एका सावकाराचा आणि त्याच्या मोलकरणीचा खून केल्याची बातमी आली. आपण कल्पनेनं लिहिलेलं खरं ठरलं, याचा लेखकाला पुढे अभिमानही वाटत असे.

रास्कोल्निकोव्हचा हिशेब साधा आहे. म्हातारी लोकांचं रक्त शोषते, तिच्या मरण्यानं जगाचं भलंच होईल. पण खून चालू असतानाच म्हातारीची सावत्र बहीण लिझावेता अचानक घरात येते. गरीब, भोळी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिलाही तो मारतो. पहिल्या खुनासाठी त्याच्याजवळ पानंच्या पानं कारणं आहेत. दुसऱ्यासाठी एकही नाही. पुढे तो विचार करत बसतो तो म्हातारीचाच. लिझावेताची आठवण फार क्वचित येते, आणि याचं त्याचं त्यालाच नवल वाटतं. माझ्या मते कादंबरीचं वजन या दुसऱ्या, हिशेबात नसलेल्या खुनावर आहे.

इतकं झाल्यावर मी परदेश सोडून घराकडे वळलो. आपल्या मुंबईत एक गुन्हा असा आहे, की तो कुठल्याही लेखकाला भुरळ घालील. १२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ, जागा मलबार हिल. अब्दुल कादर बावला हे धनाढ्य व्यापारी आणि महापालिकेचे सदस्य मोटारीतून फिरायला निघाले होते. बरोबर मुमताज बेगम. दुसऱ्या मोटारीतून आलेल्या लोकांनी त्यांची गाडी अडवली. बावलांवर गोळ्या झाडल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले आणि तिला पळवून नेण्याचा प्रयत्न केला. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचले म्हणून मुमताज वाचली. बावला गेले.

मुमताज ही नर्तकी. काही वर्षं इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्याकडे होती आणि तिथून निघून आली होती. तिला परत नेण्यासाठी हा हल्ला झाला होता. मुंबई हायकोर्टात खटला चालला. एका आरोपीच्या बाजूनं बॅरिस्टर जिना उभे होते. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. १९२६ साली महाराजांना गादी सोडावी लागली. या प्रकरणावरून 'कुलीन कांता' नावाचा मूकपट तर १९२५ सालीच निघाला होता. खून, संस्थानिक, सुंदर स्त्री, मोटारी, पिस्तुलं. अर्नाळकरांच्या वाचकाला आणखी काय हवं?

मीही हेच घेणार होतो. टाचणंसुद्धा काढली. मग मुमताजची कोर्टातली जबानी वाचली आणि हात थबकला. इंदुरात आपल्याला मुलगी झाली आणि नर्सनं ती मारली, म्हणून तिथे राहावंसं वाटलं नाही, असं तिनं सांगितलं होतं. खटला बावलांच्या खुनाचा होता. त्या नवजात मुलीसाठी ना पंचनामा झाला, ना आरोपी उभा राहिला. शंभर वर्षं आपण या प्रकरणाला बावला खून खटला म्हणतो. त्या मुलीचं नाव कुणाला सांगता येणार नाही, कारण तिला ते मिळालंच नसावं. माझं सूत्र इथे लागू पडत होतं. पण ही सगळी खरी माणसं. पोनं केलं तेच मी करायचं का, असं मनात आलं आणि टाचणं कपाटात गेली.

आता आणखी एक भीती सांगतो. गुन्हा निवडला, की गुन्हेगारही निवडावा लागतो. आपल्या देशातल्या गुन्ह्यांवरची पहिली गाजलेली इंग्रजी कादंबरी म्हणजे कर्नल मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग', १८३९ ची. टेलर निजामाच्या नोकरीत होता, आपल्या नळदुर्गातही पुढे राहून गेला. त्याचा नायक अमीर अली हा माफीचा साक्षीदार झालेला ठग, आणि तो एका साहेबाला आपले खून सांगत बसतो. ठगी नेमकी काय होती, किती होती, यावर इतिहासकारांत आज मतभेद आहेत. पण त्या काळात कायदा काय झाला? १८३६ च्या कायद्यानं, अमुक खून केला हे सिद्ध न करता, नुसता ठगांच्या टोळीतला म्हणून माणसाला जन्मठेप देता येऊ लागली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि जन्मालाच गुन्हा मानलं गेलं. सोलापूरच्या सेटलमेंटचं काटेरी तारांचं कुंपण ज्यांनी पाहिलं, त्या पिढीतली काही माणसं मी लहान असताना होती. तो कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. कायदा गेला, शिक्का राहिला.

दोष कादंबरीचा होता असं मी म्हणत नाही. पण अमीर अली हा एकटा अमीर अली राहत नाही, हे माझ्या नावाच्या माणसाला पक्कं माहीत आहे. मी खलनायक खान ठेवला, तर म्हणतील, बघा, यांचं हेच कबूल करतात. कुलकर्णी ठेवला, तर विचारतील, कुलकर्णीच का? एका मित्रानं सुचवलं, "आडनावच देऊ नका." पण आपल्याकडे आडनावाशिवाय माणूस चहाच्या टपरीवर ओळख करून देऊ शकत नाही, तर खून काय करणार?

असा दीड वर्ष घोळ घातल्यावर एका रात्री माझा गुन्हा मला सापडला. तो आमच्याच घरातला होता.

मी दहा वर्षांचा असेन, म्हणजे १९८० च्या आसपास. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव. ईद तोंडावर आलेली, घराला चुना चाललेला. दादीचे चांदीचे तोडे सापडेनात. तिच्या लग्नातले, चांगले वजनदार. घर उलटंपालटं झालं. अम्मीनं विचारलं, "कुणी आलं होतं का रे दारात?" मी म्हणालो, "ती पारध्याची बाई आली होती. उभी होती दारात." ती खरंच उभी होती. आठ-पंधरा दिवसांनी भाकरी मागायला यायची. मी खोटं बोललो नव्हतो.

अब्बांनी फिर्याद दिली. त्याच संध्याकाळी पोलिसांनी तिच्या नवऱ्याला पालावरून उचललं. चार दिवसांनी सोडलं. तो लंगडत गेला, असं पोरं सांगत होती. तोडे काही मिळाले नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडाशी ज्वारी काढताना कणगीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेले तोडे निघाले. चुना देणाऱ्यांची ये-जा म्हणून दादीनंच ते तिथे ठेवले होते, आणि विसरली होती. ती कपाळावर हात मारून रडली. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झालं ते झालं. बाहेर बोलू नका." आणि आम्ही कुणीच बोललो नाही. दादी गेली, अब्बा गेले. तोडे अजून आमच्याकडे आहेत.

आता सांगा, यात गुन्हा कोणता? चोरी तर झालीच नव्हती. पोलिसांच्या दप्तरी नोंद आहे ती न झालेल्या गुन्ह्याची. जे झालं, त्याची नोंद कुठेच नाही. त्या माणसाला चार दिवस जे सोसावं लागलं, आणि तोडे सापडल्यावर पालापर्यंत अर्धा मैल चालत जाऊन "आमचं चुकलं" एवढं म्हणायलाही आमच्या घरातून कुणी गेलं नाही, त्याला कुठलं कलम लागतं? आणि त्या दहा वर्षांच्या पोराचं खरं वाक्य, त्याचं काय करायचं?

संपादकांना फोन करून सांगितलं, गुन्हा मिळाला. ते खूश झाले. "खून कुणाचा?" म्हटलं, "खून नाही. चोरी आहे, तीसुद्धा झालेली नाही." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बघा, पोलीस तरी आहेत ना?" म्हटलं, आहेत.

पहिली चाळीस पानं झाली आहेत. दादी उतरली, अब्बा उतरले, तो पोरगाही उतरला. अडलंय ते एकाच ठिकाणी. बायकोनं सांगितल्याप्रमाणे मी ज्याला मारलं त्याचं घर डोळ्यांसमोर आणू पाहतो आणि ते येत नाही, कारण मी त्या पालाजवळ कधी गेलोच नाही. ती बाई आमच्या दारात इतकी वर्षं येत होती, पण तिचं नाव आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं. सगळे 'पारध्याची बाई'च म्हणायचे. कादंबरीत तिला नाव द्यावं लागेल. दोन-तीन लिहून पाहिली आणि खोडली.